डोळे मिटलेला तास

फोन आला तेव्हा फौजदार बाई चहाचा पहिला घोट घेत होत्या. पलीकडून एका बाईचा आवाज आला. घाबरलेला, पण शब्द नीट.

"माझे वडील शिकवता शिकवता वर्गातून नाहीसे झालेत. हृदयाचं दुखणं आहे त्यांना. संध्याकाळच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत."

"कुठून बोलताय?"

"तुमच्या समोरूनच. रस्त्यापलीकडच्या क्लासमधून."

फौजदार बाईंनी खिडकीतून पाहिलं. पिवळ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सगळे दिवे लागले होते, आणि टाळ्यांचा आवाज इथपर्यंत येत होता.

चहा तसाच ठेवून त्या निघाल्या. मागून हवालदार टोपी सावरत धावला.

म्हातारे इंग्रजीचे मास्तर होते. मुलं त्यांना तोंडावर 'सर' म्हणायची आणि पाठीमागे 'हॅजसर'. हॅव, हॅज आणि हॅड यांवर त्यांचा फार जीव. दुसऱ्या मास्तरांनी पाठ करून घेतलेले नियम मुलं परीक्षा होताच विसरायची. हॅजसरांकडे आलेलं मूल मात्र हॅव कुठे आणि हॅज कुठे यात पुन्हा चुकायचं नाही.

कारण ते शिकवायचेच तसं. त्यांचा एक खेळ होता. सगळ्यांनी डोळे मिटायचे. सर गुपचूप खोलीत काहीतरी बदल करायचे. खिडकी उघडायचे, खुर्ची उलटी करायचे, फळ्यावरचं एखादं अक्षर पुसायचे. मग टेबलावरची छोटी पितळी घंटी वाजवायचे. घंटी झाली की डोळे उघडायचे आणि काय काय झालं आहे ते इंग्रजीत ओरडून सांगायचं. घंटीआधी डोळे उघडले तर बाद. आणि मुलांना बाद होण्याची लाज वाटायची, कारण सर कधी पहारा करत नसत. ते म्हणायचे, "मी बघत नाही. तुमचं तुम्ही बघा."

आज डोळे उघडले तेव्हा सरच नव्हते.

पायऱ्यांवर लेक उभी होती. पर्स छातीशी घट्ट धरलेली.

"मी रोज त्यांना न्यायला येते. आज आले तर वर्गाला कुलूप. आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, बाबा मधेच घरी गेले. मी घरूनच येतेय हो! रस्ता एकच आहे. मला दिसले नसते का?"

"तुमचे हे म्हणजे?"

"इथले व्यवस्थापक. ह्यांनीच बाबांना इथे लावून दिलं."

व्यवस्थापक लगबगीने आला. नवा कोट, कोटाला फूल, कपाळावर घाम.

"मॅडम, उगाच तुम्हाला त्रास. आज पालकांची मोठी सभा आहे, त्यामुळे धावपळ. सासरेबुवा जरा विसराळू झालेत. गेले असतील कुठेतरी."

"तुम्ही त्यांना जाताना पाहिलंत?"

"नाही. मी सभागृहात होतो."

"वर्गाकडे गेलाच नाहीत?"

"तास संपल्यावर कुलूप लावायला गेलो, तेवढंच."

"मग ते मधेच गेले हे कसं कळलं?"

"मुलं म्हणाली." तो ओशाळं हसला. "अहो, इतका धांदरट माणूस! चष्मासुद्धा टेबलाखाली टाकून गेले."

लेक एकदम म्हणाली, "चष्म्याशिवाय? त्यांना चष्म्याशिवाय जिना दिसत नाही!"

"चला, वर्ग दाखवा," फौजदार बाई म्हणाल्या.

व्हरांडा लांबट होता. जिना चढला की आधी सभागृह, मग एक बंद दार, आणि शेवटी इंग्रजीचा वर्ग.

"हे मधलं दार?"

"अडगळीची खोली. मोडकी बाकं. किल्ली... किल्ली शिपायाकडे असेल."

वर्गाचं दार फळ्याच्या अगदी शेजारी होतं. आत बाकं रांगेत. टेबलावर घंटी. फळ्यावर एकच वाक्य, अर्धं लिहून सोडलेलं. त्याच्याखाली खडूचा तुकडा फुटून पडलेला. बाई वाकल्या. टेबलाखाली चष्मा नव्हता. शिपायाने उचलला असेल असं समजून त्या पुढे गेल्या.

त्यानंतरचा वेळ नको तिथे गेला. हवालदार बसथांब्यावर जाऊन आला. शिपाई म्हणाला, तो सभेच्या खुर्च्या वाहत होता, जिन्यावरून कोण गेलं ते त्याने पाहिलं नाही, आणि अडगळीच्या खोलीची किल्ली सकाळपासून व्यवस्थापकसाहेबांकडेच आहे. दवाखान्यांना फोन झाले. कुठेच म्हातारा आणलेला नव्हता.

शेवटी बाईंनी सभेतून संचालकांना बाहेर बोलावलं. गृहस्थ भारदस्त, आवाज सभेतलाच.

"नाहीसे झाले? माझ्या क्लासमधून? मॅडम, कृपा करून हळू बोला. आत दोनशे पालक बसलेत."

"त्यांच्या वर्गात मुलं डोळे मिटून बसली होती म्हणे."

"डोळे मिटून? म्हणजे झोपा काढतात की काय? मी पैसे कशाचे देतो?"

"तुम्हाला तो खेळ माहीत नाही?"

"मला निकाल माहीत असतात. खेळ नाही."

"सभेत काही वेगळं घडलं? काही आवाज?"

संचालकांनी कपाळाला आठी घातली. "मी भाषण करत होतो तेव्हा मागच्या भिंतीवर ठकठक चालली होती. म्हटलं हा काय प्रकार? व्यवस्थापकाला बघायला पाठवलं. तो येऊन म्हणाला, सुतार बाकं दुरुस्त करतोय, थांबवलं त्याला. तेव्हा कुठे शांत झालं. कामाचा माणूस. नव्या शाखेचा प्रमुख म्हणून आजच त्याचं नाव जाहीर केलं मी. लोकांनी काय टाळ्या वाजवल्या!"

"सभा सुरू होण्याआधी तो कुठे होता?"

"मीच त्याला वर्गाकडे पाठवलं होतं. म्हटलं, त्या म्हाताऱ्याला सांग, पोरांचा गलका नको."

फौजदार बाई हवालदाराला म्हणाल्या, "त्या वर्गातली मुलं कुठे आहेत?"

"खाली, मॅडम. आईबापांची वाट बघत. मघापासून एक पोरगं माझ्या मागे लागलंय, काका आम्हाला माहितीये, काका आम्हाला माहितीये. मी म्हटलं गप बस."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली बघू लागला. पण मुलांना आधी विचारायला हवं होतं हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

खालच्या ओट्यावर मुलं दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती. बाई त्यांच्यासमोर पायरीवरच बसल्या.

"तुमच्या सरांना शोधायचंय. मला मदत कराल?"

एक मुलगा उभाच राहिला. त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. का, ते लगेच कळलं.

"मॅडम आम्ही सगळं सांगितलं होतं, घंटी झाली आणि आम्ही ओरडलो, पण ऐकायला कोणीच नव्हतं, मग आम्हाला वाटलं सर दाराआड लपलेत, म्हणून आम्ही परत परत ओरडलो, शेवटी खाली आलो—"

"काय ओरडलात?"

"सर हॅज गॉन आउट!" पाचसहा जण एकदम म्हणाले.

"ते पहिलं नव्हतं," मागून एक मुलगी म्हणाली. बारीक, दोन वेण्या. तिला 'खारूताई' म्हणत, कारण सापडेल ते ती खिशात जपून ठेवायची. "पहिलं होतं, समवन हॅज टेकन द बेल."

बाईंनी मान वर केली. "कोणीतरी घंटी नेली आहे? पण घंटी तर टेबलावर आहे. मी पाहिली."

"आत्ता असेल. तेव्हा नव्हती," रेडिओ म्हणाला. "वाजली, पण टेबलावर नव्हती. दारातून वाजली. सर टेबलापाशी वाजवतात."

"आणखी काय बदललं होतं?"

आता सगळी मुलं पुढे सरकली. हेच तर त्यांना येत होतं.

"खुर्ची सरकली होती."

"अरे, हॅज म्हण की. द चेअर हॅज मूव्ह्ड."

"फळ्यावरचं वाक्य अर्धं राहिलं आहे."

"द मॅट हॅज गॉन! सरांचे पाय गार पडतात ना, म्हणून ते टेबलासमोर सतरंजीवर उभे राहतात. ती नव्हती."

बाईंना वर्ग आठवला. टेबलासमोर नुसती फरशी होती. त्यांनी ती पाहिली होती. पण तिथे काय असायला हवं होतं हे त्यांना कुठे माहीत होतं?

"शाबास. आणि घंटी वाजायच्या आधी? डोळे मिटलेले असताना काय काय झालं?"

"त्याला हॅड लागतं, मॅडम," रेडिओ गंभीरपणे म्हणाला. "घंटी वाजली ती नंतरची गोष्ट. तिच्या आधी जे होऊन गेलेलं असतं, त्याला हॅड. सरांनी आज तेच शिकवायला घेतलं होतं."

"बरं, हॅड लावून सांग."

"समथिंग हेवी हॅड फॉलन. धप्पकन काहीतरी पडलं. आम्ही हसलो. सर मुद्दाम फसवायला असे आवाज करतात ना."

"मग?"

"मग कोणीतरी आलं. मग घासल्यासारखं. खर्र, खर्र, जमिनीवरून. आम्हाला वाटलं, सर आज टेबलच बाहेर नेतायत."

"कोणीच डोळे उघडले नाहीत?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यांना हा प्रश्नच कळला नाही.

"घंटी झाली नव्हती ना," खारूताई म्हणाली.

बाई थोड्या पुढे झुकल्या. "बाळा, सरांचा चष्मा कोणी पाहिला?"

मुलीने खिशावर हात ठेवला. "सरांनाच देणार आहे मी."

"मला नुसता दाखव."

रुमालात गुंडाळलेला चष्मा बाहेर आला. एका काचेला तडा होता.

"मी नाही फोडला. टेबलाखाली पडला होता. डोळे उघडल्या उघडल्या मी उचलला, कोणाचा पाय पडेल म्हणून. तेव्हापासून इथेच आहे."

"कोणाला दाखवलास? कोणाला सांगितलंस?"

"कोण्णालाच नाही."

बाई उठल्या, आणि जिन्याच्या पायऱ्या दोन दोन करत चढल्या.

"हवालदार, अडगळीची खोली. किल्ली शोधत बसू नका. तोडा."

कुलूप जुनं होतं, दोन घावांत तुटलं. पण दार आत जाईना. पलीकडे काहीतरी टेकलेलं होतं. दोघांनी हळूहळू रेटलं.

मास्तर दाराला लागूनच पडले होते. अंगाखाली सतरंजी, अर्धी त्यांच्याबरोबर ओढली गेलेली. खोलीच्या सभागृहाकडच्या भिंतीवर आणि दाराच्या आतल्या बाजूवर, अगदी खाली, पांढरे ठसे होते. खडूने माखलेल्या तळहाताचे. भिंतीवरचे ठळक. दारावरचे फिकट, आणि एकाखाली एक उतरत गेलेले.

बाईंनी नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. अंग अजून पुरतं गार पडलेलं नव्हतं.

लेक मागून आत आली. तिने पर्स उघडली, गोळ्यांची डबी काढली, आणि ती हातात घेऊन तशीच उभी राहिली.

डॉक्टर येऊन गेले. पालक मुलांना घेऊन घरी गेले. रिकाम्या सभागृहात चौघंच उरली. संचालक, व्यवस्थापक, लेक आणि फौजदार बाई. दाराशी हवालदार.

संचालक घाम पुसत होते. "पण त्यांना कोंडलं कोणी? बाहेरचा कोणी चोर—"

"बाहेरच्या माणसाने घंटी वाजवली नसती," बाई म्हणाल्या. "डोळे मिटून बसलेली मुलं बघून तो गुपचूप निघून गेला असता. हे ज्याने केलं त्याला खेळ माहीत होता. घंटी झाल्याशिवाय एकही मूल डोळे उघडणार नाही, आणि घंटी झालीच नाही तर मुलं किती वेळाने कंटाळून उघडतील ते सांगता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून जाताना त्याने घंटी उचलली, म्हाताऱ्याला बाहेर काढून खोलीत ठेवलं, आणि मग दाराआडून ती वाजवली. तुम्ही तर मुलं झोपतात की काय म्हणून विचारलंत. म्हणजे तुम्ही नव्हे."

"मी मंचावर होतो!"

"होतात. आता मंचावरून काय ऐकलंत ते आठवा. मागच्या भिंतीवर ठकठक. त्या भिंतीपलीकडे अडगळीची खोली आहे. शिपायाला विचारलं मी, आज इथे सुतार आलेलाच नाही."

संचालकांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी हळूच मान वळवून व्यवस्थापकाकडे पाहिलं.

"किल्ली सकाळपासून यांच्याच खिशात. आणि चष्मा," बाई म्हणाल्या. "मला पहिल्याच भेटीत यांनी सांगितलं, चष्मा टेबलाखाली टाकून गेले. मुलांनी डोळे उघडले त्याच क्षणी एका मुलीने तो उचलला, खिशात ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. चष्मा टेबलाखाली होता तो फक्त मुलांचे डोळे मिटलेले असताना. त्या वेळी ज्याचे डोळे उघडे होते, त्यालाच तो दिसला."

व्यवस्थापकाने कोटाचं फूल काढलं. कुठे ठेवावं ते त्याला सुचेना. शेवटी मुठीतच धरलं.

"मी ढकललं नाही त्यांना," तो म्हणाला.

"माहीत आहे. ते आपणहून पडले. तुम्ही दारात होतात."

"मी सांगायला गेलो होतो, आवाज करू नका म्हणून. ते फळ्यावर लिहीत होते. वळले आणि एकदम खाली. मला वाटलं, थोड्या वेळात उठतील. मागच्या वेळी उठले होते."

लेकीने पहिल्यांदा मान वर केली. "मागच्या वेळी? कुठली मागची वेळ?"

तो मुठीतल्या फुलाकडे बघू लागला.

"बाबा आधी पडले होते? इथे?"

"त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, तिला कळलं तर शिकवणं बंद करेल." तो भराभर बोलू लागला. "पाच-दहा मिनिटांत उठून बसले होते तेव्हा. पाणी प्यायले आणि पुढचा तास घेतला. म्हणून आज वाटलं, तिथेच पडू देत जरा. जिन्यात सगळे पालक येत होते. त्यांच्यामधून त्यांना उचलून नेलं असतं तर सभा तिथेच मोडली असती. नाव जाहीर होणार होतं. आपल्यासाठीच ना गं? कुलूप लावलं, कारण कोणी आत गेलं असतं तर बोभाटा झाला असता."

"आणि ठकठक ऐकल्यावर?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला बघायला पाठवलं होतं. तेव्हा ते जिवंत होते. दार उघडलंत?"

"नाही."

"का?"

"उघडलं असतं तर ते बाहेर आले असते. सगळ्यांसमोर, तशा अवस्थेत." त्याचा आवाज बसला. "मी दारातूनच सांगितलं. म्हटलं, बाबा, थोडा वेळ थांबा, संपतच आलंय, मी येतो. तेव्हा ते भिंतीपासून दारापर्यंत आले असावेत. आवाज जवळ आला. एकदोनदा दार वाजलं. मग थांबलं. मला वाटलं, त्यांनी ऐकलं माझं. ऐकायचे ते माझं नेहमी."

संचालक खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. ते भाषणाला उभे होते ती जागा त्या भिंतीपासून हातभर अंतरावर होती.

"नाव जाहीर झाल्यावर गेलात?" बाईंनी शेवटचं विचारलं.

"लोक अभिनंदन करत होते. सुटताच येईना. आधी वर्गात जाऊन घंटी जागेवर ठेवली, कुलूप लावलं. मग त्या दाराशी गेलो. हाक मारली. आतून काहीच नाही. तेवढ्यात ही जिना चढून आली आणि म्हणाली, बाबा कुठे आहेत? माझ्या तोंडून निघून गेलं, घरी गेले." तो बायकोकडे वळला. "एकदा तसं बोलल्यावर मग परत फिरता येईना गं."

ती त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती. डबीचं झाकण तिच्या अंगठ्याखाली उघडत होतं, मिटत होतं.

हवालदार पुढे आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला हे काम कधीच नीट जमलं नव्हतं. त्याने व्यवस्थापकाच्या दंडाला धरलं आणि फौजदार बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

"ताई," हवालदार चाचरत म्हणाला, "नियमाप्रमाणे विचारावं लागतं. यांना ताब्यात घेतल्याचं घरच्या माणसाला कळवायचं असतं. कोणाला कळवू?"

"मला."

"आणि... सरांना ताब्यात घ्यायला कोण येईल? दवाखान्यात सही लागते. जवळचं कोणी?"

"मीच," ती म्हणाली. "दुसरं कोणी नाही."